टेबल व्ह्यूमध्ये मराठी अक्षरांची डोकी उडताहेत (सेलची उंची, फॉन्ट आणि बाकीच्या भानगडी)

पानगळ | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या ब वर्ग सार्वजनिक ग्रंथालयासाठी ॲप करतेय. हौसेनं करतेय, म्हणजे फुकट. ग्रंथपाल आजीवन सभासदत्व देऊ म्हणालेत, पण ते अजून तोंडीच आहे.

ॲप साधंच आहे. पुस्तकांची एक लांबलचक यादी (टेबल व्ह्यू), प्रत्येक ओळीत (सेलमध्ये) पुस्तकाचं नाव, खाली लेखक, उजवीकडे दाखल क्रमांक. पुस्तक कुणी नेलं असेल तर नाव लाल रंगात. वर शोधायची पट्टी. स्विफ्ट (ॲपलची प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि यूआयकिट (पडद्यावरचे घटक बनवायचा ॲपलचा जुना संच) वापरतेय. स्विफ्टयूआय, म्हणजे नवा संच, का नाही असं विचारू नका. ग्रंथालयातला आयपॅड देणगीत आलेला आहे आणि तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही. स्विफ्टयूआयला १३ लागतं.

सिस्टिमचा फॉन्ट मला सपक वाटला म्हणून मुक्ता टाकला. आता ‘मूर्तींचे’सारख्या शब्दाचा रफार आणि अनुस्वार वरून छाटला जातो. ‘बुद्धू’चा ऊकार खालून जातो. नाव ठळक करायला सांगितलं तर ठळक होतं, पण ते अक्षर मुक्ताचं वाटत नाही. आणि यादी खालीवर केली की भलतीच पुस्तकं लाल होतात. काल एक आख्खं पंचांगाचं कपाट लाल होतं, जे गेल्या दहा वर्षांत कुणी हातात घेतलेलं नाही.

रोमन कोड इथे चिकटवला की धाग्याचा विचका होतो, म्हणून शब्दांतच लिहितेय. तुम्हीही तसंच सांगा.

आडवळण | शनिवार, रात्री ११.५८

लाल पंचांगं वाचून बरं वाटलं. आपण एकटेच नाही.

तो प्रश्न सगळ्यात सोपा, आधी तोच उडवू. टेबल व्ह्यू हजारो सेल बनवत नाही. पडद्यावर मावतील तेवढे आणि जास्तीचे दोनचार असे बनवतो, आणि वर निघून गेलेला सेल खालून पुन्हा वाढतो. खानावळीतल्या ताटांसारखं. ताट न विसळता पुढच्याला दिलं तर मागच्याची चटणी त्यात असणारच. तू ‘बाहेर गेलंय तर लाल’ एवढंच लिहिलं असशील. ‘नाहीतर काळा’ हे लिहिलेलं नसणार. प्रत्येक ‘जर’ला ‘नाहीतर’ दे. फोटो वगैरे असतील तर प्रिपेअर फॉर रीयूजमध्ये (सेल पुन्हा वापरण्याआधी चालणारी मेथड) ते पुसून टाक.

उंचीचं: डेलिगेटमध्ये हाइट फॉर रो (ओळीची उंची सांगणारी मेथड) लिहून ४४ परत करतेयस का?

पानगळ | रविवार, रात्री १२.०६

हो. ४४. ट्युटोरियलमध्ये तसंच होतं. आणि ‘नाहीतर’ खरंच नव्हता. 🙈

आडवळण | रविवार, रात्री १२.२१

४४ हा आकडा बोटासाठी आहे, अक्षरासाठी नाही. बोटानं नीट दाबता यावं म्हणून ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांत ४४ पॉइंटांची किमान जागा सांगितली आहे. ट्युटोरियलवाल्यांनी ती सेलची कमाल उंची करून टाकली.

ती मेथड पूर्ण काढून टाक. नुसती रो हाइट ऑटोमॅटिक केलीस आणि मेथड तशीच ठेवलीस तर मेथडच जिंकते. यात माझी एक संध्याकाळ गेली आहे. मेथड काढल्यावर रो हाइटला ऑटोमॅटिक डायमेन्शन दे, एस्टिमेटेड रो हाइटला साधारण अंदाज दे, समज ७०. मग लेबलं सेलवर नाही, सेलच्या कंटेंट व्ह्यूवर बसव आणि कन्स्ट्रेंटची (कोण कुणापासून किती अंतरावर, या नियमांची) साखळी वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत अखंड ठेव: वरची कड, नाव, लेखक, खालची कड. यातली एक कडी जरी सुटली तरी सेलला आपली उंची कळत नाही. नावाच्या लेबलला ओळींची संख्या ० दे, म्हणजे हव्या तेवढ्या ओळी. हे सगळं आयओएस ८ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, त्यामुळे तुझ्या देणगीच्या आयपॅडवरही चालेल.

सेलोटेप | रविवार, सकाळी ८.१५

फॉन्टाबद्दल मी बोलतो. आयफोन याबाबतीत जरा लबाड आहे. तुझा फॉन्ट लागला नाही तरी मराठी दिसतंच. चौकोन येत नाहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं बरोबर आहे. सिस्टिमच्या सॅन फ्रान्सिस्को फॉन्टात देवनागरी नाहीच. मराठी अक्षर आलं की सिस्टिम मागच्या दारानं कोहिनूर देवनागरी आणून बसवते. तुझं ठळक अक्षर बहुतेक कोहिनूर आहे.

कारण असं की नाव देऊन फॉन्ट मागितला आणि सापडला नाही तर निल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. आपण सगळे आळशी, दोन प्रश्नचिन्हं (म्हणजे ‘नाहीतर हे घे’) टाकून पुढे सिस्टिम फॉन्ट लिहून मोकळे होतो. मग चूक कधीच ओरडत नाही. काम चालू असेपर्यंत ती दोन प्रश्नचिन्हं काढ आणि ॲप सरळ कोसळू दे.

तपासायचं असं. फाइल प्रोजेक्टमध्ये दिसते म्हणजे ती ॲपमध्ये जाते असं नाही, उजवीकडे टार्गेटच्या चौकोनात खूण आहे का बघ. इन्फो डॉट पीलिस्टमध्ये ॲपने पुरवलेल्या फॉन्टांची यादी असते, तिथे एक्स्टेंशनसकट फाइलचं नाव हवं. आणि कोडमध्ये मात्र फाइलचं नाव चालत नाही, फॉन्टाच्या आत नोंदलेलं पोस्टस्क्रिप्ट नाव लागतं. एकदा सगळ्या फॅमिली आणि त्यांच्या आतली नावं कन्सोलवर छाप, आणि तिथून जसंच्या तसं उचल.

पानगळ | रविवार, सकाळी ९.०२

तुम्ही म्हणालात तसं कोसळवलं. मी ‘मुक्ता’, मग मोकळी जागा, मग ‘सेमीबोल्ड’ असं लिहिलं होतं. खरं नाव मधे जोडरेघ आणि ‘बोल्ड’चा बी मोठा. आता ठळकही मुक्ता झाला. दोन महिने मी कोहिनूरकडे बघून ‘मुक्ताचं ठळक काही खास नाही’ म्हणत होते.

सेलची उंची आपोआप वाढतेय. पण डोकी अजून थोडी उडताहेतच. आधीपेक्षा कमी.

आडवळण | रविवार, सकाळी ९.३०

पॅराग्राफ स्टाइल लावली आहेस का कुठे? मॅक्सिमम लाइन हाइट?

पानगळ | रविवार, सकाळी ९.३४

मामेभावानं डिझाइन करून दिलं. त्यात १७ चा फॉन्ट आणि २० ची ओळ आहे. म्हणून कमाल २० दिलंय.

खिळेजुळारी | रविवार, सकाळी १०.५०

मला यातलं संगणकाचं काही कळत नाही, मुलगी वाचून दाखवते आणि मीच टंकतो. पण १७ ला २० हे वाचून राहवलं नाही.

आम्ही छापखान्यात खिळे जुळवायचो तेव्हा डिग्री टाइप म्हणून प्रकार होता. त्यात मराठीची एक ओळ म्हणजे तीन मजले. मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि तळाला उकारांचे, म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचे पाय. एका ओळीला तीन वेळा हात फिरायचा. वेळखाऊ काम, पण एक गोष्ट पक्की होती: वरच्या मजल्याची जागा मोजलेली असायची, कुणी ती खाऊ शकत नव्हतं. इंग्रजीच्या केसवर बसणारा जुळारी एका ओळीत मोकळा व्हायचा आणि आम्हाला हसायचा.

तुमच्या मामेभावानं इंग्रजीचं माप मराठीला लावलंय. वरचा मजला पाडून घर बांधा म्हणण्यासारखं आहे. ओळीची उंची माणसानं ठरवू नये, अक्षराला ठरवू द्यावी. जागा वाढवायची असेल तर ओळींच्या मधे लेड घाला. आम्ही शिशाच्या पट्ट्या घालायचो.

सेलोटेप | रविवार, सकाळी ११.०५

काकांना दंडवत. आणि गंमत म्हणजे यूआयकिटमध्ये नेमकं तेच आहे. मॅक्सिमम लाइन हाइट ओळीला दाबते. लाइन स्पेसिंग मात्र दोन ओळींच्या मधे जागा घालते, म्हणजे काकांची लेड. पहिली काढ, दुसरी २ किंवा ३ ठेव. लाइन हाइट मल्टिपलही १ च्या खाली नेऊ नकोस.

फॉन्टाची लाइन हाइट प्रॉपर्टी छापून बघ. १७ पॉइंटाच्या मुक्ताला २० च्या बरंच पुढे मागते. त्या आकड्यासकट मामेभावाला पाठव.

मधली_ओळ | रविवार, दुपारी १२.४०

थोडा विरोधी सूर लावतो. मुळात फॉन्ट बदलायचाच कशाला? कोहिनूर चांगला आहे, फोनवर आधीच आहे, ॲपचा आकार वाढत नाही. लोक कस्टम फॉन्ट घालतात आणि मग डायनॅमिक टाइप (सेटिंगप्रमाणे अक्षर लहानमोठं होणं) मोडून टाकतात. ग्रंथालयात येणारे निम्मे वाचक साठीच्या पुढचे. त्यांनी सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं आणि आपलं ॲप १७ वर हटून बसतं. सपक चालेल, बारीक चालणार नाही.

पानगळ | रविवार, दुपारी १.१५

मुद्दा मान्य. पण आमच्या ग्रंथालयाची पाटी, कार्डं, सगळं मुक्तात केलंय. आणि परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे, ॲपमध्ये घालायला हरकत नाही. दोन्ही जमणार नाही का?

मधली_ओळ | रविवार, दुपारी १.३२

जमतं. यूआयफॉन्ट मेट्रिक्स, आयओएस ११ पासून. बॉडी स्टाइलसाठी मेट्रिक्स घे, तिला तुझा १७ चा मुक्ता दे, ती वापरणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे वाढवून परत देते. मग लेबलवर ‘कंटेंट साइज बदलला की फॉन्ट बदल’ ही प्रॉपर्टी खरी कर, नाहीतर ॲप बंद करून उघडेपर्यंत काही बदलत नाही.

आकार एकूण १२ आहेत, ७ नेहमीचे आणि ५ ॲक्सेसिबिलिटीचे. शेवटच्या टोकाला बॉडी १७ ची ५३ होते. तिथे उजवीकडचा दाखल क्रमांक नावाचा गळा धरतो. आकार ॲक्सेसिबिलिटीचा असेल तर आडवा स्टॅक उभा कर, क्रमांक खाली जाऊ दे. हे एकदा सिम्युलेटरवर नाही, खऱ्या आजोबांच्या हातात देऊन बघ.

अँड्रॉइडकाका | रविवार, दुपारी ३.१०

आमच्याकडेही हेच रामायण आहे, फक्त पात्रांची नावं वेगळी. टेक्स्टव्ह्यूला एलिगंट टेक्स्ट हाइट नावाचं ॲट्रिब्यूट आहे, अँड्रॉइड ५ पासून. ते खरं केलं की उंच लिप्यांना जागा मिळते. अँड्रॉइड ९ मध्ये फॉलबॅक लाइन स्पेसिंग आलं, म्हणजे मागच्या दारानं आलेला फॉन्ट उंच असला तर ओळ त्याच्यासाठी सरकते. आणि अँड्रॉइड १५ ला टार्गेट केलं की एलिगंट आपोआप खरं होतं. इतकी वर्षं आपल्या अक्षरांना साधं दिसायला ‘एलिगंट’ म्हणवून घ्यावं लागत होतं!

आडवळण | रविवार, दुपारी ३.२६

ॲपललाही आयओएस १७ मध्ये जाग आली. टेक्स्ट स्टाइल वापरली तर हिंदी, अरबी, थाईसारख्या भाषांसाठी ओळीची उंची आपोआप जुळते. पण पानगळच्या आयपॅडला त्याचा उपयोग नाही.

सोनकेळ | रविवार, सायंकाळी ५.०५

वाचनखूण साठवली. एक भर: शीर्षकं ‘ऐसपैस’ दिसावीत म्हणून कुणी अक्षरांमध्ये अंतर देत असेल, म्हणजे कर्न ॲट्रिब्यूट, तर मराठीला देऊ नका. शिरोरेखा तुटते. प्रत्येक अक्षर स्वतंत्र खिळ्याला टांगलेल्या टोपीसारखं दिसतं. इंग्रजी कॅपिटलची हौस मराठीत वजनाने भागवावी, मुक्ताची सात वजनं आहेत.

पानगळ | रविवार, रात्री १०.२०

सगळं केलं. डोकी शाबूत. पंचांगं काळी. मामेभाऊ म्हणतो पडद्यावर दोन पुस्तकं कमी दिसतात. म्हटलं, दिसतात ती पूर्ण दिसतात.

आता नवीन भूत. शोधात ‘वऱ्हाड’ टाकलं तर तीन पुस्तकं येतात. यादी हातानं चाळली तर अकरा आहेत. बाकीची आठ डोळ्यांना अगदी तशीच दिसतात!

सेलोटेप | रविवार, रात्री १०.४८

आहाहा. हे आपलं घरचं भूत आहे, हिंदीवाल्यांना ते भेटतच नाही. 🙂

आडवा रफार, म्हणजे वऱ्हाड, कुऱ्हाड, पुऱ्या, दर्‍या यांतला तो पापणीसारखा र, युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक. दिसायला दोन्ही सारखे. पहिल्या प्रकारानं ‘वऱ्हाड’मध्ये ६ कोडपॉइंट (युनिकोडातले अक्षरक्रमांक), दुसऱ्यानं ‘वर्‍हाड’मध्ये ७. एसक्यूलाइटचं (ॲपमधल्या डेटाबेसचं) लाइक, म्हणजे शोध, कोडपॉइंट बघतं, डोळे नाही. स्विफ्टची बरोबरीची खूण जरा समजूतदार आहे, ती ऱ आणि ‘र अधिक नुक्ता’ एकच मानते, पण जोडकवाला प्रकार तिलाही वेगळाच वाटतो. कळफलकागणिक सवय बदलते, म्हणून तुझ्या यादीत दोन्ही आलेत.

पानगळ | रविवार, रात्री १०.५५

यादी जुन्या नॉन-युनिकोड फाइलीतून रूपांतर करून आलीय, वर तीन वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी भर घातलीय. जोडक दिसत नाही म्हणजे कचरा, म्हणून सगळे काढून टाकू का?

सेलोटेप | रविवार, रात्री १०.५८

नको!! थांब!!

जोडक नुसता उडवलास तर ‘वर्‍हाड’चं ‘वर्हाड’ होईल, र उडी मारून ह च्या डोक्यावर बसेल. हे मी एका मोठ्या यादीवर करून बसलोय, आणि बॅकअप नव्हता.

मूळ नावाला हात लावू नकोस. शोधासाठी वेगळा कॉलम कर. त्यात आधी एनएफसी (युनिकोडाचं एकसारखं केलेलं, जोडलेलं) रूप, मग जिथे ‘र, हलन्त, जोडक’ असे ओळीनं येतात तिथे ‘ऱ, हलन्त’ घाल, आणि त्यानंतरच उरलेले जोडक आणि विजोडक (शून्य रुंदीचे, पण न जोडणारे) काढ. हा क्रम बदलू नकोस. वाचकानं टंकलेल्या शब्दालाही तीच आंघोळ घालून मग शोध.

सोनकेळ | सोमवार, सकाळी ७.४०

ॲ चंही तेच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडात २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय असलेले अ वर चंद्र देतात. शोधाच्या कॉलममध्ये हेही एक करून घे. शिवाय काही जुन्या फॉन्टांत स्वतंत्र ॲ नसतोच, मग त्या एका अक्षरासाठी मागच्या दारानं दुसरा फॉन्ट येतो आणि ‘ॲप’मधला ॲ पाहुण्यासारखा अवघडून बसलेला दिसतो.

आडवळण | सोमवार, सकाळी ९.१०

क्रमवारी बघितलीस का? साधी तुलना कोडपॉइंटनं होते, त्यात ळ हा ल च्या लगेच मागे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, मग क्ष, ज्ञ. तुलना करताना लोकेल (भाषा आणि प्रदेश) मराठी, भारत असं दे, म्हणजे ‘क्षितिज’ क च्या गर्दीत सापडणार नाही. फोनची भाषा इंग्रजी असलेले खूप असतात, म्हणून फोनच्या लोकेलवर विसंबू नकोस.

पानगळ | सोमवार, रात्री ९.१५

लोकेल मराठी दिलं आणि दाखल क्रमांक ४,५१२ असा दिसायला लागला. अंक देवनागरी झाले ते आवडलं, पण स्वल्पविराम बघून ग्रंथपाल म्हणाले, हा काय किराण्याचा हिशेब आहे?

मधली_ओळ | सोमवार, रात्री ९.४४

ग्रंथपाल बरोबर आहेत. दाखल क्रमांक म्हणजे संख्या नव्हे, नाव आहे. फॉर्मॅटरची (संख्या लिहून दाखवणाऱ्याची) गटवारी, म्हणजे स्वल्पविराम, बंद कर. आणि हो, फॉर्मॅटर सेल भरताना दर वेळी नवीन बनवू नकोस, एकदा बनवून ठेव. यादी अडखळण्याचं ते हमखास कारण.

कुणी शोधात ‘४५१२’ टंकलं तर? स्विफ्टचा इंट (पूर्णांक) देवनागरी अंक घेत नाही, निल देतो. एकेक अक्षराची होल नंबर व्हॅल्यू घेऊन जोड, ती ४ आणि रोमन चार दोन्हींना चारच म्हणते.

लेखणीवाला | मंगळवार, सकाळी ११.३०

ल आणि श ची कुणालाच आठवण नाही? शासनाच्या २००९ च्या वर्णमाला निर्णयात ल चं पाकळीचं रूप घेतलंय. निम्मे फॉन्ट हिंदी वळणाचा ल दाखवतात आणि आपण चालवून घेतो.

सेलोटेप | मंगळवार, दुपारी १२.०५

चालवून घेतो हे खरं. फॉन्टात मराठीची पर्यायी रूपं भरलेली असली तर मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, कोअर टेक्स्टमध्ये त्यासाठी लँग्वेज ॲट्रिब्यूट आहे. रूपंच नसली तर सांगून उपयोग नाही. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे, त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत. पण त्यात साधं आणि तिरपं एवढंच, ठळक नाही. यादीत नाव ठळक करायचं असेल तर अडचण.

लेखणीवाला | मंगळवार, दुपारी १२.२०

ठळक न करता मोठं करा की. खिळेजुळारी काका काय म्हणतात?

खिळेजुळारी | मंगळवार, सायंकाळी ६.००

आम्ही शीर्षकाला मोठा टाइप घ्यायचो. ठळक परवडत नसे, ते खिळे वेगळे विकत घ्यावे लागत.

पानगळताई, काम झाल्यावर एक चाचणी करा. नवीन टाइप आला की आम्ही अवघड शब्द जुळवून बघायचो. कार्त्स्न्य. ऊर्ध्वमूल. हृद्रोग. मूर्तींचे. आणि वरच्या ओळीत लट्टू, त्याच्या बरोबर खाली मूर्तींचे. लट्टूचा पाय खालच्या रफारात अडकला नाही तर टाइप पास.

पानगळ | मंगळवार, रात्री १०.३५

काका, चाचणी केली. सगळ्यात मोठ्या आकारातही कार्त्स्न्य व्यवस्थित आहे. लट्टू आणि मूर्तींचे यांच्यात अगदी केसभर अंतर होतं, म्हणून लाइन स्पेसिंग २ ची ३ केली. ‘वऱ्हाड’ला अकराच्या अकरा पुस्तकं येतात.

आमच्या यादीत कार्त्स्न्य एकाही नावात नाही म्हणा. लट्टू मात्र आहे, बालविभागात.

खिळेजुळारी | मंगळवार, रात्री १०.५०

मग लट्टूवरच लक्ष ठेवा. त्याच्या खालच्या ओळीत काय येतं?

पानगळ | मंगळवार, रात्री १०.५२

लेखकाचं नाव. १३ पॉइंटात, करड्या रंगात. आडनाव ‘कीर्तने’ आहे. उद्या सकाळी पुन्हा बघते.